मथुमावशींचं पुस्तक

गेल्या महिन्यात शेजारच्या घरी नवी सून आली, इंदूरची. चार दिवस झाले नाहीत तोच ती एक पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. तिच्या रुखवतावर मांडलेलं पुस्तक, वरच्या पानावर हळदीकुंकवाची बोटं उठलेली. म्हणाली, "आजी, हे तुमचंच ना हो? सही करून द्या ना. मी तर माहेरी सगळ्यांना कळवलं पण, लिखनेवाली हमारे पड़ोस में ही रहती हैं म्हणून." मी सही केली नाही. पोरीचं तोंड एवढंसं झालं. घरी जाऊन तिनं सासूला सांगितलेलं मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. म्हातारी फारच आखडू आहे म्हणे.

आखडू नाही मी. मला राग आला होता, आणि तो त्या पोरीचा नव्हता. त्या पुस्तकात दोनशेच्या वर पदार्थ आहेत, त्यातला एकही माझा नाही. एक ओळ माझी नाही. मला तेव्हा धड वरणसुद्धा जमत नव्हतं, सासूबाई रोज त्यावरून दोन शब्द ऐकवत. माझं त्या पुस्तकात काय असेल तर वरच्या पानावरचं नाव: सौ. उमाबाई मोरेश्वर जोगदेव. आणि जिनं ते पुस्तक आधी मातीत पिकवलं, मग चुलीवर रांधलं आणि मग कागदावर लिहिलं, तिचं नाव शोधून काढायला सांगा कोणालाही. आतबाहेर कुठे मिळायचं नाही. चाळीस वर्षं मी हे गिळून बसले. आता वय झालं, गिळवत नाही, म्हणून लिहिते.

तिचं नाव मथुरा सदाशिव खांबेटे. धारला आम्ही सगळ्याजणी त्यांना मथुमावशी म्हणत असू. सासर धारचं, माहेर देवासचं. देवासला एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. मावशींचे वडील धाकट्या पातीच्या दफ्तरात कारकून, आजोळ थोरल्या पातीत, मधे नुसता एक रस्ता. "दोन राजांच्या कुरबुरीत वाढले मी," त्या म्हणायच्या, "मला एका दिराचं काय भय!" वडिलांना मुलगा नव्हता. दफ्तराची नक्कल करायला घरी आणली की ते मुलीला शेजारी बसवून घेत. त्यामुळे मावशींना मोडी अशी यायची की भल्याभल्या कारकुनांनी तोंडात बोट घालावं. बाळबोध मात्र कोणी शिकवली नाही. बायकांना शिकवायची म्हणजे अर्धीच शिकवायची, हा आपला जुना शिरस्ता आहे.

बाविसाव्या वर्षी नवरा तापानं गेला. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं. केस गेले, लाल आलवण आलं, एकवेळचं जेवण आलं. दिरांची इच्छा होती की वहिनीनं घरातल्या चुलीपाशी बसून जन्म काढावा. आयती सोवळ्यातली स्वयंपाकीण कोणाला नको असते? पण नवऱ्याच्या वाट्याची तीन बिघे बाडी अमझेऱ्याच्या रस्त्याला पडून होती, विहिरीसकट. मावशींनी एक दिवस डोईवर ट्रंक घेतली आणि त्या बाडीतल्या दोन खणांच्या खोपटात राहायला गेल्या. गावात खूप बोलणं झालं. मावशींपर्यंत ते पोचलं असेल, पण त्यांचं बी पेरायचं राहिलं होतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या असतील. पायांना घोट्यापर्यंत काळी माती, पदराचं टोक कमरेला खोचलेलं, आणि हात इतके खरखरीत की मायेनं पाठीवरून फिरवला तर लुगड्याचा धागा ओढला जाई. बाडीत केसर नावाची एक माळवी बाई आणि तिचा नवरा कामाला होते. तो विहिरीवर बैल हाकी, या दोघी निंदत. वांगी, मेथी, मका, कुंपणावर घेवडा, विहिरीच्या कडेनं गराडूचे वेल, आणि उगवतीकडचा एक सबंध वाफा लसणाचा. धारमध्ये तसा लसूण कोणाकडे होत नसे. पाकळी बोटाएवढी, साल गुलाबी.

तो लसूण मावशींनी जन्मात तोंडात घातला नाही. कांदा नाही, लसूण नाही, मसूर नाही, रात्रीचं जेवण नाही. विधवेनं हे खायचं नाही असं कोणी ठरवलं ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की त्यांचा नवरा तापानं गेला होता, लसणानं नाही. आणि तरी पुस्तकात लसणाच्या चटण्या आहेत सात, त्यातली एकेक अशी की कोरडी भाकरी दोन घास जास्त जावी.

हे कसं केलं? केसरच्या जिभेनं. खोपटाबाहेर वेगळी चूल होती. तिथे मावशी कांद्यालसणाचं रांधायच्या, केसरला वाढायच्या आणि समोर उकिडव्या बसून तिचा चेहरा वाचायच्या.

"नमक कम हे बई," केसर म्हणे.

"मिठाचं नंतर. लसूण आधी लागला की मिरची आधी लागली?"

"मिरची."

"जिभेच्या शेंड्याला की घशात?"

केसर बिचारी डोळे मिटून विचार करी. "घशात, बई."

"मग वाटताना मिरची फार बारीक झाली. उद्या पुन्हा."

मग अंघोळ करून मावशी आपल्या चुलीकडे जात आणि आपला आळणी भात शिजवीत. एक पदार्थ तीनदा केल्याशिवाय त्या लिहीत नसत. एकदा स्वतः करायच्या, एकदा केसरकडून करवायच्या, आणि तिसऱ्यांदा केसरला नुसतं लिहिलेलं वाचून दाखवायच्या आणि आपण तिच्याकडे पाठ फिरवून बसायच्या. काही विचारलं तरी उत्तर नाही. जिथे केसर अडली तिथे वाक्य चुकलं. "पुस्तक वाचणारीला आपला हात दिसत नसतो उमे," मला सांगायच्या. "आपलं एक वाक्य चुकलं तर कुठल्या गावी कोण उपाशी उठेल, काय सांगावं?"

माझी त्यांची गाठ मेथीवरून पडली. मी जुडी घ्यायला गेले आणि आपली शहाणी म्हणून वाफ्यातून पानं खुडायला लागले. मागून आवाज आला, "ए, कोणाची गं तू?"

"जोगदेवांची सून."

"जोगदेवांच्या सुनेला कोणी सांगितलं नाही का, मेथी दुपारी खुडत नाहीत म्हणून? दुपारी ती रागावलेली असते. सकाळी ये." मग हात पुसत जवळ आल्या. "लिहिता येतं?"

"येतं. इंदूरला चार इयत्ता झाल्यात."

"बाळबोध? आणि मोडी वाचतेस?"

वडिलांमुळे मला मोडी वाचता येत होती. तसं सांगितल्यावर त्यांनी मला खोपटात नेलं आणि उभट वह्यांची एक चळत पुढे ठेवली. पुण्याच्या एका मासिकाला त्यांना लेख पाठवायचे होते आणि छापखान्याला मोडी चालत नव्हती. त्या दिवसापासून आठवड्यातून दोन दुपारी मी बाडीवर जाऊन मोडीची बाळबोध करू लागले. मासिकात लेख आले ते 'एक माळवी गृहिणी' या नावानं. ते नाव संपादकांनीच ठेवलं होतं. मावशी म्हणाल्या, "असू दे. गृह आहे, मी आहे." तेव्हा आम्ही दोघी हसलो. आता त्या हसण्याचाही मला राग येतो, कारण सुरुवात तिथे झाली होती.

मासिकात त्यांचं नाव नसलं तरी धारमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा एका सरदारांच्या मुदपाकखान्यातले मुख्य आचारी टांग्यातून बाडीवर आले. सरदारांकडे पाहुणे यायचे होते आणि गराडूचा लेख कोणीतरी वाचला होता. गराडू म्हणजे आमच्याकडचा थंडीतला कंद. तळून, वर मीठमिरची भुरभुरून खातात. आचारी खाटेवर ऐसपैस बसले. म्हणाले, "गराडू तर आम्ही जन्मभर तळत आलोय बाई. कृतीत काय असं मोठं लिहिलंय तुम्ही?"

"किती वेळा तळता?"

"किती वेळा म्हणजे? एक बार."

"म्हणून तुमचे बाहेर करपतात आणि आत कच्चे राहतात. आधी मंद आचेवर तळून काढायचे, गार होऊ द्यायचे, मग कढत तुपात दुसऱ्यांदा. आणि सोलायच्या आधी हाताला तेल लावता की नाही? नाही? दाखवा हात."

आचाऱ्यांनी हात दाखवले नाहीत. हाताला खाज सुटून पुरळ उठलेलं आम्हाला दिसतच होतं. मग माणूस जसं करतो तसं त्यांनी केलं, म्हणजे वाद हरला की बाईचं बाईपण काढायचं. "लेकिन बाई, आप तो खुद कुछ खाती नहीं. ज्यानं चाखलंच नाही त्यानं स्वादावर लिहावं, ये कैसी बात?"

मावशी शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भिया, तुमच्या वैद्याला सगळे रोग होऊन गेलेले आहेत काय?"

केसर पदराआड इतकी हसली की शेवटी तिला उठून विहिरीकडे जावं लागलं. आचारी गराडूची टोपली घेऊन गेले. पाहुण्यांना गराडू फार आवडले असं नंतर कळलं. कोणाच्या सांगण्यावरून झाले ते पाहुण्यांना सांगितलं नसणार, हे सांगायलाच नको.

सहा वर्षं लेख चालले. मग त्याच संपादकांचं पत्र आलं की या लेखांचं पुस्तक काढू. मावशींनी त्याकरता सगळं नव्यानं मांडलं. त्यांचा क्रम मातीचा होता: पहिल्या पावसानंतर बाडीत जे उगवतं तिथून सुरुवात, आणि वैशाखात विहीर तळाला जाते तेव्हा वाळवण-साठवणीनं शेवट. प्रत्येक पदार्थाआधी ती भाजी कुठे लावावी, कधी खुडावी, बी कसं धरावं. असं पुस्तक तेव्हा नव्हतं आणि माझ्या माहितीत आजही नाही. मी दोन महिने बसून त्याची बाळबोध केली. शेवटच्या पानाखाली मावशींनी सांगितलं तसं लिहिलं: गं. भा. मथुरा सदाशिव खांबेटे, धार.

त्या 'गं. भा.'नं घात केला. आतापर्यंत पत्रव्यवहार माझ्या अक्षरात आणि आमच्या पत्त्यावर होत होता, कारण बाडीवर टपाल जात नसे. लिहिणारी विधवा आहे हे पुण्याला ठाऊकच नव्हतं. उलट टपाली पत्र आलं. फार गोड पत्र होतं. पुस्तक अप्रतिम आहे, म्हणूनच ते मुलींना लग्नात भेट देण्यासाठी काढायचं आहे. रुखवतावर मांडलं जाईल, नव्या नवरीच्या हाती पडेल. तेव्हा अशा मंगल वस्तूवर गंगाभागीरथीचं नाव असणं लोकांस रुचणार नाही, एखाद्या सौभाग्यवतीचं नाव सुचवावं. आणि हो, पुस्तकाची सुरुवात लाडवांपासून केली आहे.

मी ते पत्र मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "या गावात अशी मुंज नाही, असं लग्न नाही, की जिथे सोवळ्यातला स्वयंपाक आमच्यासारखीनं केलेला नाही. नवरीच्या तोंडात पहिला घास जातो तो कोणाच्या हातचा असतो, त्यांना विचार. हातचं चालतं. नाव चालत नाही?" एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "लिही त्यांना. नाव घालायचं तर माझं, नाहीतर वह्या परत पाठवा. लाडू त्यांचे त्यांनी वळावेत."

मी तसं पत्र लिहिलं. ते पत्र पुण्याला गेलं नाही.

आमचं टपाल ह्यांच्या हातून जात असे. ह्यांनी पत्र उघडलं, वाचलं आणि ठेवून दिलं. मला जवळ बोलावून म्हणाले, "वेडी आहेस का? असं पुस्तक वाया घालवतं का कोणी? अक्षर तुझं, पत्ता आपला, नाव तुझं घातलं तर त्यात चोरी कसली? आणि त्या बाईला आता नाव करून जायचंय कुठे?" दरबारात ह्यांची बढती अडलेली होती. बायकोचं पुस्तक पुण्याला निघालं म्हणजे घराण्याची शोभा, असा हिशेब होता. प्रकाशकाला संमतीचं पत्र ह्यांनीच लिहिलं आणि खाली बोट ठेवून म्हणाले, "इथे सही कर."

मी केली. कोणी हात धरला नव्हता. तेविसाचं वय होतं, नवऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती, सासूबाई दारात उभ्या होत्या. ही सगळी कारणं खरी आहेत. आणि सहीही खरी आहे.

तीन महिने मी बाडीवर गेले नाही. पुस्तक आलं तेव्हा मात्र गेले, कारण धारमध्ये दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं एवढी लाज शिल्लक होती. मावशी वांग्यांना आळी करत होत्या. मी पुस्तक पुढे धरलं. हात मातीचे म्हणून त्यांनी ते घेतलं नाही, मलाच पानं उलटायला लावली. लाडू, बर्फ्या, मग मध्येच कुठेतरी मेथी. कधी लावावी, कधी खुडावी, सगळं गाळलेलं.

"सही तू केलीस?"

"हो मावशी."

"बरं." पुन्हा कुदळ हातात घेतली. "मग आता लोकांना उत्तरंही तूच दे."

मला त्याचा अर्थ पंधरा दिवसांनी कळला. पत्रं यायला लागली. साताऱ्याच्या एक बाई लिहीत होत्या की बाफले दगडासारखे होतात. नाशिकच्या एकींची लसणाची चटणी चार दिवसांत विटली. मला काय ठाऊक! बाफले म्हणजे कणकेचे गोळे उकडून मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजतात, एवढं मला माहीत होतं. ते फुटतात का आणि कडक का होतात, ते केसरलाही माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. शेवटी पत्रं घेऊन मी बाडीवर गेले.

मला हाकलून द्यायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण साताऱ्याच्या बाईचं पत्र ऐकताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. "जाडं पीठ घे म्हणून लिहिलं होतं मी. ते वाक्यही काढलं वाटतं मेल्यांनी. बिचारीच्या घरी माणसं जेवायला बसली असतील." त्यांनी उत्तर सांगितलं, आणि गाळलेलं सगळं घालायला त्याच दिवशी दुसऱ्या पुस्तकाची वही सुरू केली. एकच अट घातली. प्रत्येक उत्तराची पहिली ओळ अशी असायची: मला हे ठाऊक नव्हते, धारच्या मथुरा सदाशिव खांबेटे यांस विचारून लिहीत आहे.

मी प्रत्येक पत्रात ती ओळ लिहिली. देवाशपथ लिहिली. आणि प्रत्येक पत्रातून ह्यांनी ती खोडली, इतकी दाट खोडली की उजेडाला धरूनही दिसू नये. मग मला ते पत्र पुन्हा नीट लिहून काढायला लावत, खोडाखोड बरी दिसत नाही म्हणून. मी लिहून काढत असे.

पुढच्या वैशाखात देवासला ह्यांच्या नात्यात लग्न होतं, थोरल्या पातीतल्या बड्या घरात. आम्ही गेलो तर पुस्तक आमच्या आधी पोचलेलं. रुखवताच्या मध्यभागी चौरंगावर, वर फुलं वाहिलेली. मला पाटावर बसवून ओटी भरली. चाळीसएक बायका जमल्या असतील. "केवढं हो ज्ञान या वयात!" "आमच्या मुलीला चार गोष्टी शिकवा उमाबाई." आणि मी मान खाली घालून बसले होते, तर कोणी म्हणालं, बघा, गर्व म्हणून नाही.

तेवढ्यात आतल्या स्वयंपाकघराच्या दारात लाल आलवण दिसलं. मथुमावशी होत्या. माहेरच्या ओळखीनं त्यांना सोवळ्यातल्या स्वयंपाकावर बोलावलं होतं. दोनशे पानांचं अन्न त्यांच्या हाताखाली शिजत होतं. पाणी मागायला की कशाला त्या दारापर्यंत आल्या होत्या, तर नवरीची आई लगबगीनं उठली. "अगंबाई मावशी, नवरी बाहेर यायची वेळ झाली. आता जरा आतच थांबा हं. तोंड समोर नको." अगदी हळू, गोड आवाजात म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. म्हणून तर जास्त चीड येते.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे पुस्तक माझं नाही. ते ह्यांचं आहे, ह्या मथुमावशींचं. मी नुसतं उतरवून काढलं."

मावशी दारातच थांबल्या. मग कोपऱ्यातली एक वयस्कर बाई कौतुकानं हसली. "ऐकलंत का गं मुलींनो? याला म्हणतात विनय! स्वयंपाकिणीला मान देतेय बघा. शिकलेली असावी तर अशी." सगळ्या हसल्या. कोणीतरी माझ्या वेणीत गजरा खोवला.

मी पुन्हा म्हणायला हवं होतं. तीनदा, चारदा, ओरडून म्हणायला हवं होतं. त्यांनी मला पुन्हा पाटावर बसवलं आणि मी बसले. पुन्हा वर पाहिलं तेव्हा दार लोटलेलं होतं.

आता कोणी म्हणेल, बाई, ती जुनी गोष्ट, आता काळ बदलला. काळ किती बदलला ते ऐका. मावशी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर हेही गेले. तेराव्याच्या आत मी पुण्याला पत्र टाकलं, या वेळी स्वतः टपालात टाकलं. लिहिलं की सौभाग्यवतीचं नाव हवं म्हणून माझं घातलंत, आता मीही गंगाभागीरथी झाले आहे. दोघी विधवाच, तर निदान जिनं लिहिलं तिचं नाव घाला. वडिलांच्या जागी बसलेल्या मुलाचं उत्तर आलं. दुःखात सहभागी आहोत, पण नाव आता वाचकांच्या परिचयाचं झालं आहे, बदलणं इष्ट नाही. नवी आवृत्ती निघाली. मी इथे पांढऱ्या कपाळानं बसले आहे आणि पुस्तकावर मी अजून सौभाग्यवती आहे. म्हणजे विधवेचा विटाळ होता तो सगळा मथुमावशींपुरता. माझ्या विधवापणानं कोणाचे लाडू बिघडत नाहीत!

मावशींना मी शेवटचं पाहिलं ते देवासच्या लग्नानंतरच्या कार्तिकात. लग्नात जे तोंडातल्या तोंडात राहिलं ते बोलायचं म्हणून गेले होते. बाडीच्या फाटकापाशी अमझेऱ्याकडच्या खेड्यांतली वीसपंचवीस माणसं बसली होती. पेरणीचे दिवस, मावशींचं बी चांगलं म्हणून लोक लांबून न्यायला येत. मावशी खोपटाच्या ओट्यावर बसल्या होत्या. पुढे बियांची गाडगी आणि मांडीवर एक उभट वही. वहीतलं पान टर्रकन फाडायचं, त्यात मूठभर बी घालायचं, पुडी बांधायची आणि द्यायची. केसर हाका मारून एकेकाला पुढे सोडत होती.

"मावशी! अहो, ही तर दुसऱ्या पुस्तकाची वही!"

"हो. तेच तर निघतंय." हात थांबला नाही. "वांग्याच्या बियांना वांग्याचं पान. दुधीला दुधीचं. कधी लावायचं, कधी खुडायचं, काय करायचं, सगळं आहे. गाळायला कोणी नाही."

मी एक पुडी हातात घेऊन पाहिली. दाट मोडी, आणि पानाच्या तळाशी जाड बोरूनं, बाकीच्या अक्षरांच्या दुप्पट मोठं नाव: मथुरा सदाशिव खांबेटे. वहीतलं एकेक पान तसंच होतं. बसून प्रत्येक पानाखाली त्यांनी ते लिहिलं होतं.

"पण मावशी, या लोकांना वाचता कुठे येतं?"

"पटवारी वाचून दाखवील. नाहीतर देवळातला भटजी. आणि कोणीच नाही वाचलं तर चुलीत जाईल, जाईना का. पण हे नाव खोडून तिथे दुसरं घालायला कोणी बसणार नाही." मग पुढच्या म्हाताऱ्याला, "बोलो दादा, कई चावे?"

"मेथी को बीज दइ दो, बई."

त्याची पुडी बांधून झाल्यावर मला काय सुचलं कोण जाणे. बोलायला आलेलं बोलवेना, म्हणून मी हात पुढे केला. "मलाही द्या. मेथीचं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग गाडग्यात हात घालून मूठभर बी माझ्या तळहातावर ओतलं. मी तसाच हात धरून उभी राहिले. मला वाटलं, आता पान फाडतील.

"कागद, मावशी?"

"तुला कशाला कागद?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "तुझ्याजवळ पुस्तक आहे." आणि केसरला म्हणाल्या, पुढचा कोण ते बघ.

मी परत निघाले. बी घेऊन झालेली माणसं त्याच रस्त्यानं चालली होती, काही माझ्या पुढे, काही मागे. कोणी पुडी पागोट्यात खोचली होती, कोणी कनवटीला लावली होती, एका बाईनं तर तान्ह्या पोराच्या हातात दिली होती. प्रत्येक पुडीवर त्यांचं नाव होतं. माझ्या मुठीत तेवढं नुसतं बी होतं.